पैशाच्या नाक्यावरील नीतिरक्षक
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



एखाद्या मालाची विक्री रोखण्याचे तीन मार्ग समाजाला फार पूर्वीपासून परिचित आहेत. राज्यसंस्था कायद्याने बंदी घालते, दुकानदार आपल्या मर्जीने तो माल ठेवीत नाही, किंवा ग्राहकच त्याच्याकडे पाठ फिरवतात. गेल्या पंधरा वर्षांत यात चौथ्या मार्गाची भर पडली आहे. कायद्याची मनाई नसते, दुकानदार विकावयास राजी असतो, ग्राहक पैसे मोजावयास राजी असतो. परंतु एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात पैसा पोहोचविणारी कंपनी मध्येच आडवी येते आणि हा पैसा वाहून नेणार नाही असे सांगते. तेवढ्याने तो माल बाजारातून नाहीसा होतो. न्यायालय नाही, अधिसूचना नाही, विधिमंडळात चर्चा नाही. इंटरनेटवरील दुकानांत प्रौढांसाठीचे साहित्य विकावे की नाही, याचा निर्णय आज बव्हंशी या मार्गाने होतो.

२०२५ च्या जुलै महिन्यातील घटनाक्रम या दृष्टीने बोलका आहे. संगणकावरील व्हिडिओ गेमचे सर्वांत मोठे दुकान म्हणजे अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचे 'स्टीम'. त्या महिन्याच्या मध्यास स्टीमने आपल्या नियमावलीत एक नवे कलम घातले. पेमेंट प्रोसेसर, कार्ड नेटवर्क, बँका आणि इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्या यांच्या नियमांचा भंग करू शकेल असे साहित्य, विशेषतः प्रौढांसाठीच्या साहित्याचे काही प्रकार, दुकानात ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय होता. पाठोपाठ अनेक गेम काढून टाकण्यात आले. २४ जुलै रोजी 'इच डॉट आयओ' या दुसऱ्या दुकानाने प्रौढांसाठीचे म्हणून नोंदलेले सर्व साहित्य शोधातून व याद्यांतून एका फटक्यात दिसेनासे केले. हे दुकान लहान, स्वतंत्र निर्मात्यांचे. तेथे एकट्यादुकट्याने गेम, चित्रकथा, पुस्तके तयार करून विकणारे हजारो लोक आहेत. निर्मात्यांना आगाऊ सूचना देण्याइतकाही अवधी नव्हता, असे चालकांनीच कबूल केले. आठवड्याभराने विनामूल्य साहित्य पुन्हा याद्यांत आले. मात्र ज्याच्यावर निर्मात्याची मिळकत अवलंबून होती, ते विकत देण्याचे साहित्य अडकून राहिले. कारण उघड होते. पैसा वाहून नेणाऱ्याची हरकत पैशाच्या व्यवहारालाच होती.

या प्रकरणाच्या मुळाशी ऑस्ट्रेलियातील 'कलेक्टिव्ह शाऊट' या संघटनेची मोहीम होती. स्त्रियांवरील लैंगिक अत्याचार हाच ज्याचा विषय होता असा एक गेम त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निषेधानंतर स्टीमवरून मागे घेण्यात आला होता. त्यानंतर ११ जुलै रोजी या संघटनेने पेपाल, मास्टरकार्ड, व्हिसा, डिस्कव्हर, पेसेफ आणि जेसीबी या कंपन्यांच्या प्रमुखांना खुले पत्र लिहिले. बलात्कार, कुटुंबांतर्गत लैंगिक संबंध व बालकांचे लैंगिक शोषण दाखविणाऱ्या गेमच्या विक्रीचे पैसे या कंपन्यांनी वाहू नयेत, ही त्यातील मागणी. अशी मागणी करण्याचा त्या संघटनेचा अधिकार कोणीही नाकारू नये. स्त्रीदेहाच्या विटंबनेवर नफा कमावणाऱ्या धंद्याविषयी समाजवादी चळवळीला कधीही प्रेम नव्हते व असण्याचे कारण नाही. प्रश्न त्या मालाच्या गुणवत्तेचा नाही. तो माल बाजारात राहावा की जावा, हे ठरविण्याची सत्ता कोणाच्या हाती गेली आहे, हा खरा प्रश्न आहे.

या सत्तेचे स्वरूप समजण्यासाठी पैशाची वाट नीट पाहिली पाहिजे. ग्राहकाचे कार्ड एका बँकेचे असते, दुकानदाराचे खाते दुसऱ्या बँकेत असते. दोहोंच्या मध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांचे जाळे असते, आणि दुकानदाराच्या बाजूस बँकेच्या वतीने काम पाहणारी पेपाल, स्ट्राइप यांसारखी प्रोसेसर कंपनी असते. कार्ड कंपनी आपले नियम दुकानदाराला थेट लावीत नाही. ती ते बँकेला लावते. नियम मोडला तर दंड बँकेला होतो. बँक तो धोका प्रोसेसरवर ढकलते आणि प्रोसेसर दुकानदारावर. प्रत्येक पायरीवर थोडी अधिक भीती मिसळली जाते. खाली पोहोचेपर्यंत मूळ नियमात जेवढे लिहिले आहे त्याहून कितीतरी अधिक वगळले जाते. हजारो गेममधून प्रत्येक तपासून पाहण्यापेक्षा सारेच काढून टाकणे दुकानदाराला स्वस्त पडते. एकदा खाते बंद झाले तर केवळ वादग्रस्त मालाचीच नव्हे, सर्वच मालाची विक्री थांबते. म्हणून तो वाद घालीत बसत नाही.

या उतरंडीचा सर्वांत मोठा लाभ असा की, जबाबदारी कोणावरच येत नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी मास्टरकार्डने जाहीर केले की, त्या कंपनीने कोणत्याही गेमचे मूल्यमापन केलेले नाही वा कोणत्याही दुकानावर निर्बंध लादलेला नाही; कायदेशीर खरेदी तिच्या जाळ्यावर सर्वत्र चालते. यावर व्हॉल्व्हने उत्तर दिले की, मास्टरकार्ड आमच्याशी थेट कधी बोललेच नाही. ते प्रोसेसर व बँकांशी बोलले, त्यांनी निरोप आमच्यापर्यंत आणला आणि मास्टरकार्डच्याच नियमावलीतील ५.१२.७ या कलमाकडे बोट दाखविले. हे कलम बेकायदा व्यवहारांबरोबरच कंपनीच्या नावाला बट्टा लावू शकतील अशा व्यवहारांनाही मनाई करते. म्हणजे दोघांचेही म्हणणे शब्दशः खरे असू शकते. हुकूम कोणीच दिला नाही, तरी त्याची अंमलबजावणी मात्र झाली. कायदेशीर काय हे न्यायालय सांगू शकते. पण कंपनीच्या नावाला बट्टा कशाने लागतो, हे कंपनीखेरीज कोण सांगणार? येथे कायद्याच्या जागी व्यापारी लौकिकाची स्थापना झाली आहे.

ही सत्ता केवळ कामुक साहित्यापुरती मर्यादित राहील असे मानणे भोळेपणाचे आहे. किंबहुना तिचा पहिला गाजलेला प्रयोग शुद्ध राजकीय होता. डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सने अमेरिकी परराष्ट्र खात्याचे गुप्त दस्तऐवज प्रसिद्ध करताच व्हिसा, मास्टरकार्ड व पेपाल यांनी त्या संस्थेकडे जाणाऱ्या देणग्या बंद केल्या. कोणत्याही न्यायालयाने तिला दोषी ठरविले नव्हते. आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तेथील स्थानिक भागीदार कंपनीला देणग्यांचा मार्ग पुन्हा खुला करावयास लावले. पण तो कराराच्या भंगाचा खटला होता आणि मधली दोन वर्षे निघून गेली होती. २०१२ च्या फेब्रुवारीत पेपालने 'स्मॅशवर्ड्स' या पुस्तकविक्री करणाऱ्या संस्थेला विशिष्ट विषयांवरील कामुक कादंबऱ्या काढून टाकण्यास फर्मावले. ही केवळ शब्दांनी लिहिलेली पुस्तके होती. लेखक, वाचक व नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संस्था यांनी आवाज उठविल्यावर मार्चमध्ये पेपालला आपले धोरण बरेच आवरते घ्यावे लागले. संघटित प्रतिकार निष्फळ नसतो, हेही त्यातून दिसले.

आता दुसऱ्या बाजूचे सर्वांत सबळ प्रमाण प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. २०२० च्या डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये निकोलस क्रिस्टॉफ यांचा लेख आला. पॉर्नहब या संकेतस्थळावर अल्पवयीन मुलींच्या व संमतीविना काढलेल्या चित्रफिती राजरोस चालत असल्याचे त्यात दाखविले होते. पीडित मुली वर्षानुवर्षे विनवण्या करीत होत्या. त्यांना कोणी दाद दिली नव्हती. लेखानंतर काही दिवसांतच व्हिसा व मास्टरकार्ड यांनी सेवा बंद केली, आणि लगोलग त्या संकेतस्थळाने ओळख न पटलेल्या व्यक्तींनी टाकलेल्या, म्हणजे एकूणातील बहुसंख्य, चित्रफिती काढून टाकल्या. कायद्याला जे जमले नाही ते कार्ड कंपन्यांनी आठवड्याभरात केले, असे म्हणणाऱ्यांना खोटे पाडता येणार नाही.

परंतु याच उदाहरणातून दोन धडे निघतात. पहिला असा की, कार्ड कंपन्यांना जाग आली ती वृत्तपत्राच्या पहिल्या माऱ्यानंतर. मुलींच्या अश्रूंनी नव्हे. ज्यांच्या बाजूने मोठे वृत्तपत्र उभे राहत नाही त्यांना तेथे न्याय नाही. दुसरा धडा श्रमिकांचा आहे. १९ ऑगस्ट २०२१ रोजी 'ओन्लीफॅन्स' या ब्रिटिश कंपनीने लैंगिक दृश्यांवर बंदी घालण्याचे जाहीर केले. बँका व्यवहार अडवीत आहेत, हे कारण तिच्या संस्थापकाने उघडपणे सांगितले. स्वतःच्या मर्जीने व मध्यस्थ दलालाविना या कामावर पोट भरणाऱ्या असंख्य स्त्रियांची उपजीविका त्या घोषणेने टांगणीला लागली. सहा दिवसांनी निर्णय फिरविण्यात आला, तोही बँकांकडून आश्वासन मिळाल्यावर. काम देतानाही त्या स्त्रियांना कोणी विचारले नव्हते आणि काढून घेतानाही विचारले नाही. नीतीच्या नावाने चाललेल्या या व्यवहारात सर्वांत दुर्बल घटकाची हीच अवस्था असते.

महाराष्ट्राला अश्लीलतेचे खटले नवे नाहीत. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेसाठी चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. त्या कायद्यावर पुष्कळ टीका करता येईल. ती झालीही आहे. तथापि आरोपीला आपल्यावर कोणते कलम लावले आहे हे ठाऊक होते. फिर्यादी समोर होता, वकील देता येत होता, कलाकृती समग्र वाचून पाहणारे न्यायाधीश होते, आणि वरच्या न्यायालयाचे दार उघडे होते. जुलै २०२५ मध्ये ज्याचा गेम रातोरात दिसेनासा झाला त्या निर्मात्याला यातले काहीही उपलब्ध नव्हते. अमेरिकेतील एका शेरीफने २०१५ साली कार्ड कंपन्यांना पत्रे लिहून 'बॅकपेज' या जाहिरातींच्या संकेतस्थळाची आर्थिक कोंडी केली, तेव्हा तेथील अपील न्यायालयाने ती सरकारी दडपशाही ठरवून शेरीफला रोखले. पण तो शेरीफ सरकारी अधिकारी होता म्हणून घटना त्याच्यापर्यंत पोहोचली. खाजगी कंपनीने स्वतःहून तेच केले तर घटनेचा हात तेथे पोहोचत नाही.

मग उपाय कोणता? बाजारात दुसरी कंपनी शोधावी, असे भांडवलशाहीचे समर्थक सांगतात. हा सल्ला निरर्थक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द अमेरिकेच्या न्याय खात्याने व्हिसावर मक्तेदारीचा दावा दाखल केला. अमेरिकेतील डेबिट व्यवहारांपैकी ६० टक्क्यांहून अधिक तिच्या जाळ्यावरून जातात, असे त्यात म्हटले आहे. जेथे रस्ता एकच आहे तेथे पर्यायाची भाषा ही थट्टा ठरते. रेल्वेने प्रवाशाच्या पिशवीतील पुस्तक आवडले नाही म्हणून तिकीट नाकारावे, टपालखात्याने पत्रातील मते पाहून पाकीट परत करावे, हे कोणीही सहन करणार नाही. पैसा पोहोचविण्याची व्यवस्था आज तितकीच सार्वजनिक गरजेची झाली आहे. म्हणून तिच्यावरही तेच बंधन हवे. कायद्याने निषिद्ध नसलेला कोणताही व्यवहार नाकारता येणार नाही. नाकारल्यास लेखी कारण द्यावे लागेल, बाजू मांडण्याची संधी द्यावी लागेल आणि त्यावर न्यायालयात दाद मागता येईल.

भारताने या दिशेने निम्मी वाट चालली आहे. २००८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय भुगतान निगमाने २०१२ मध्ये रुपे कार्ड आणि २०१६ मध्ये यूपीआय आणले. त्यामुळे देशांतर्गत देवघेवीचा मोठा भाग परदेशी कंपन्यांच्या मर्जीबाहेर गेला. पण उरलेली निम्मी वाट अधिक कठीण आहे. रस्ता सार्वजनिक झाला म्हणजे तो लोकशाहीचा झाला असे नाही. भारतात लैंगिक स्वरूपाच्या साहित्याच्या इलेक्ट्रॉनिक प्रसारावर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कडक बंदी आहेच. उद्या हाच सरकारी नाका एखाद्या संपाच्या मदतनिधीवर वा सत्तेला अप्रिय असलेल्या नियतकालिकाच्या वर्गणीवर बसविता येईल. २०२२ च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या सरकारने आणीबाणीच्या कायद्याखाली ट्रकचालक आंदोलकांची बँक खाती न्यायालयाच्या आदेशाविना गोठविली. त्या आंदोलकांची मते समाजवाद्यांना पटणारी नव्हती. म्हणूनच ते उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यातील एक दृश्य शेवटी नोंदले पाहिजे. एका बाजूने कलेक्टिव्ह शाऊटचे समर्थक कार्ड कंपन्यांना पत्रे लिहीत होते. दुसऱ्या बाजूने संतापलेले खेळाडू त्याच कंपन्यांचे दूरध्वनी दिवसभर खणखणवीत होते. दोन्ही पक्ष परस्परांचे कट्टर विरोधक. पण आपले गाऱ्हाणे कोठे न्यावे याविषयी त्यांच्यात मतभेद नव्हता. दोघांनीही संसदेचे दार सोडून कंपनीचे दार ठोठावले. सार्वभौमत्व कोठे गेले आहे, हे नागरिकांच्या पावलांनीच दाखवून दिले.

ती पावले परत वळविणे हे लोकशाही समाजवादाचे काम आहे. पीडित मुलीला संरक्षण हवे असेल तर ते कायद्याने, वेळेत आणि हक्क म्हणून मिळाले पाहिजे. कोणा कंपनीला आपल्या नावाची चिंता वाटली म्हणून नव्हे. आणि लेखकाची लेखणी रोखावयाची असेल, तर ती रोखणाऱ्याने न्यायासनासमोर उभे राहून कारण सांगितले पाहिजे.