डुक्कर धडधाकट दिसतं, पण...



आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून डुकरं पाळली. कर्ज वेळेत फिटलं. पण त्याच वर्षी शेजारच्या घरातल्या मुलीला फिट आली. घर माळकऱ्यांचं. नाकाशी कांदा धरला, चप्पल हुंगवली, आणि पोरीचं लग्न व्हायचंय म्हणून गोष्ट दाबून ठेवली. तिसऱ्या फिटनंतर शहरात नेलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत जंताची गाठ दिसली. लगेच सगळ्यांनी त्या ताईंच्या डुकरांकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते मलाही नवं होतं. डुकराच्या कच्च्या राहिलेल्या मांसातून माणसाच्या आतड्यात जातो तो पट्टकृमी, म्हणजे लांब चपटा जंत. मेंदूतली गाठ मात्र मांस खाऊन होत नाही. ज्याच्या पोटात हा जंत आहे त्याच्या शौचातून अंडी पडतात. ती हाताला, पाण्याला, कोथिंबिरीला लागून दुसऱ्याच्या तोंडात जातात, कधी त्याच्या स्वतःच्याही. म्हणून मांस न खाणाऱ्यालाही गाठ होते. आणि डुकराला रोग लागतो तो आपण उघड्यावर बसतो तिथून! संडास बांधून त्यात सरपण ठेवणाऱ्यांनी हे जरा ऐकावं.

अवघड आहे ते वेळेवर ओळखणं. गाठी असलेलं डुक्करही नीट खातं, वजन धरतं. कधी त्याच्या जिभेखाली बारीक गाठी हाताला लागतात. पण रोग थोडा असेल तर जीभ साफच लागते, तेव्हा नुसती जीभ बघून निर्धास्त होऊ नका. माणसाचंही तसंच. पोटात जंत असून बऱ्याचदा काहीच त्रास होत नाही, आणि फिट येते ती कित्येकदा काही वर्षांनी. आधी दिसलीच तर एक खूण दिसते, शौचात परकराच्या नाडीच्या तुकड्यांसारखे पांढरे चपटे तुकडे. ते दिसले तरी लाजेनं कुणी बोलत नाही. आशाताईंना सांगा, शौचाची तपासणी करून घ्या. एकदा काही सापडलं नाही तर डॉक्टर पुन्हा करायला सांगतील, कंटाळू नका.

फिट आलेल्या माणसाला मात्र आपल्या मनानं जंताची गोळी देऊ नका. गाठीभोवती सूज वाढू शकते. पहिल्याच फिटला दवाखाना गाठा.

ती मुलगी आता गोळ्या घेते, कॉलेजला जाते. ताईंनी डुकरांना बंदिस्त गोठा केलाय. जंत कुणाच्या पोटात होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. तपासणीला आमच्या आळीतून दोघीच आल्या, त्यातल्या एक त्या डुकरंवाल्या ताई.