नियोजन कोठून सुरू करावे?



संस्थेचा आराखडा दोन रीतींनी आखता येतो. पहिली रीत अशी की, दहा वर्षांनंतरचे ध्येय ठरवावे व तेथून मागे मोजीत वर्षावर्षाचे काम वाटून घ्यावे. पैसा व माणसे हाताशी असतील तर ही रीत चालते. दुसरी रीत अशी की, आज मुलांची वाट कोठे अडते ते शोधावे, तो अडसर काढावा आणि मग पुढचा पाहावा.

आपल्या जिल्ह्यातच याचा धडा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. खेड्यातील मुलाला राहण्या-जेवण्याची अडचण, म्हणून १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली. शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली अध्यापक विद्यालय निघाले. महाविद्यालय आले ते १९४७ साली.

रहिमतपुरात आपण इमारतीच्या नकाशापासून आरंभ केला, तर वर्गणी भिंतींत जाईल आणि शाळा सुटलेली मुलगी घरीच राहील. लहान संस्थेने दुसरी रीत धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रथम घरोघर जाऊन मुले कोणत्या इयत्तेत व का शाळा सोडतात, याची यादी करावी. फी, प्रवास, की अभ्यासाला जागा नाही? जे कारण अधिक घरांत निघेल, त्यावर पहिल्या वर्षाची वर्गणी खर्चावी. वर्षअखेरीस पैशांबरोबर शाळेत टिकलेल्या मुलांचाही हिशेब मांडावा.

पालकहो, ही यादी तुमच्याच उंबरठ्यावर सुरू होते. विचारायला येणाऱ्यांना संकोच न करता खरे कारण सांगा.