पाण्याखालील कॅमेरा : घ्यावा की न घ्यावा?

(वार्षिक स्नेहसंमेलनात वाचलेले भाषण)



आपल्या धंद्याला उपयोगी पडेल अशा एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत अशी व्यवस्थापक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही पाण्याखालील कॅमेऱ्याचा विषय मुद्दाम निवडला. अलीकडे आपल्या तरुणांच्या मोबाईलवर या यंत्राच्या जाहिराती वारंवार येतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास जाळी, डिझेल आणि बर्फ यांसाठी पैशाची ओढाताण चाललेली असते, आणि नेमका त्याच वेळी हे नवे यंत्र घ्यावे की न घ्यावे असा वाद घरोघरी निघतो. घरचा हिशेब आपल्याकडे बहुधा भगिनींच्या हाती असल्यामुळे ही हकिगत त्यांच्याही कानावर असावी, हे आम्हास अगत्याचे वाटते.

पाण्याखाली छायाचित्र घेण्याची विद्या तशी जुनी आहे. लुई बुतां नावाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1893 साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल येथे समुद्रात उतरून छायाचित्रे घेतली. पुढे 1926 साली अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या समुद्रात माशाचे रंगीत छायाचित्रही निघाले. आज जो लहान कॅमेरा दोरासारख्या केबलला बांधून खाली सोडतात आणि वर पडद्यावर चित्र पाहतात, त्याचा मोठा उपयोग अमेरिका व कॅनडातील गोठलेल्या सरोवरांवर होतो. तेथे लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकतात. ते पाणी संथ आणि पुष्कळदा निवळ असते. मासा गळाजवळ आला की पडद्यावर स्पष्ट दिसतो. आपण जाहिरातीत पाहतो ती चित्रे बहुधा अशाच स्वच्छ पाण्यातली असतात.

आपले पाणी तसे नाही, हे आपणास सांगावयास नको. मुंबई, ठाणे, पालघरच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या ओढीने तळचा गाळ सतत ढवळला जातो. ज्या ओढीवर आपली डोल जाळी भरतात, तीच ओढ कॅमेऱ्याला आंधळा करते. उधाणात तर वीतभर अंतरावरचेही दिसणे कठीण! दिवा अधिक प्रखर केला म्हणून अधिक दिसेल असेही नाही. धुक्यात मोटारीचा दिवा लावला असता पुढे जशी पांढरी भिंत उभी राहते, तसाच प्रकाश गाळाच्या कणांवरून उलटून भिंगात येतो. अंधारात पाहणाऱ्या अवरक्त दिव्यांची महती सांगतात. पण तो प्रकाश पाणी फार लवकर शोषून घेते, म्हणून त्याची धाव थोडी.

याकरिता पैसे मोजण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने 1865 साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाण्याचा निवळपणा मोजला. ती रीत आजही शास्त्रज्ञ वापरतात. आपण घरातली पांढरी थाळी वजन बांधून दोराने सोडावी आणि ती कोठे दिसेनाशी होते ते पाहावे. एकदा उधाणाला, एकदा भांगाला, असे निरनिराळ्या दिवशी पाहावे. हातभर खोलीवरच थाळी नाहीशी झाली, तर महागातला कॅमेराही तेथे फार पुढचे दाखविणार नाही. हिवाळ्यात मालवणच्या बाजूस पाणी बरेच निवळते. तेथील बांधवांचा हिशेब वेगळा होईल.

मग मासे शोधण्यास काय करावे? त्यासाठी ध्वनीवर चालणारा फिशफाइंडरच खरा. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे 1500 मीटर जातो आणि गाळाने तो प्रकाशासारखा अडत नाही. ज्याच्या नौकेवर हे यंत्र आहे, त्याने मासे शोधण्यासाठी म्हणून कॅमेरा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि, कॅमेरा निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. पंख्यात दोर किंवा जाळे गुंतले म्हणजे काय होते, ते आपण सारे जाणतो. एखादा खलाशी कमरेला दोर बांधून आणि हातात सुरी घेऊन खाली उतरतो. नौका लाटांवर आपटत असते, आणि वर तांडेलाचा जीव टांगणीला लागतो. अशा वेळी इंजिन बंद करून बांबूला बांधलेला कॅमेरा आधी पंख्याजवळ न्यावा. हातभर जरी दिसले, तरी किती वेढे बसले आहेत, दोर वरूनच आकडीने ओढता येईल की नाही, हे कळेल. काही वेळा माणसाला उतरण्याची गरजच उरणार नाही. तळाचा पत्रा वा फळी पाहणे, अडकलेला नांगर पाहणे, पिंजऱ्यातील मत्स्यपालनात जाळी फाटली आहे का ते तपासणे, अशी जवळून पाहण्याची कामे त्याच्याकडून घ्यावीत.

या कामांसाठी निवड करताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बिनतारी संदेश पाण्यातून जवळजवळ जातच नाही. म्हणून खालचे तत्काळ पाहावयाचे असेल तर केबलचाच कॅमेरा घ्यावा. केबल पाण्याच्या खोलीपेक्षा पुष्कळ लांब हवी, कारण ओढीने ती तिरपी जाते. आणि वजनाचा भार केबलवर न देता वेगळ्या दोरावर द्यावा. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. तेव्हा नुसते 'आयपी 68' हे अक्षर वाचून भुलू नये, किती मीटर आणि किती वेळ हे लेखी पाहावे. दिव्याचा उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे. पडदा दुकानात न पाहता भर उन्हात पाहावा. पाण्यात वस्तू असते त्यापेक्षा सुमारे चतुर्थांश जवळ भासते, हे बांबू सरकवताना विसरू नये. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन, रबरी कडीवर वाळूचा कण राहिला नाही ना, हे बोटाने चाचपावे. खारे पाणी आत शिरले की यंत्र संपले.

आणखी एक इशारा. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून मासेमारी करण्यास केंद्र शासनाने 2017 साली बंदी केली आहे. कॅमेऱ्याचा लहान दिवा पाहणीपुरता आहे. त्याच्या नावाखाली मोठे दिवे नौकेवर येऊ देऊ नयेत. त्या दिव्यांनी आपल्याच लहान नौकांच्या तोंडचा घास जातो.

शेवटी एक सूचना मांडतो. हे यंत्र रोज लागणारे नव्हे. प्रत्येक नौकेने कर्ज काढून ते घेण्यापेक्षा एका बंदरातील मंडळींनी वर्गणीने एक घ्यावे, एका जबाबदार गृहस्थाकडे ठेवावे आणि कोणी केव्हा नेले याची वही असावी. बंदरात वा किनाऱ्याजवळ अडचण आली तर ते तासाभरात पोहोचू शकेल. दूर जाणाऱ्या नौकांनी मात्र आपापल्या खर्चाचा विचार स्वतंत्रपणे करावा. खाली उतरणारा मुलगा कोणाच्या ना कोणाच्या घरचा असतो, हे ध्यानी घेऊन वर्गणीचा विचार व्हावा, अशी या सभेस आमची विनंती आहे.