शहरात या आठवड्यात काय आहे?



तुम्ही आता वाचायला शिकलात. म्हणून आज मी नवा धडा देत नाही. शिकलेली अक्षरे कुठे कामी येतात, तेवढे सांगतो.

आपल्या वऱ्हाडात कार्यक्रमांना तोटा नाही. नवरात्रात अमरावतीला अंबादेवी आणि एकवीरादेवीची यात्रा भरते. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्याला कावडी निघतात. माणसे गांधीग्रामला पूर्णा नदीवर जातात, पाणी भरतात आणि पायी चालत येऊन राजराजेश्वराला घालतात. २० डिसेंबरपासून चांदूरबाजार तालुक्यात बहिरमची यात्रा सुरू होते. हे सारे आपल्याला ठाऊक आहे. बापजाद्यांपासून कानावर आहे.

पण शहरात लहान कार्यक्रमही होत असतात. नाटक असते, कीर्तन असते. व्याख्यान, भजनस्पर्धा, चित्रांचे प्रदर्शन, कुस्त्या असतात. ते आपल्या कानावर येत नाहीत. ते कागदावर छापून येतात.

आमच्या गावात एक काका होते. खंजिरी अशी वाजवत की, रस्त्याने जाणारा उभा राही. एकदा बाजारातून भजी आणली. पुडीचा कागद शेजारच्या पोराने वाचला. त्यात शहरातल्या भजनस्पर्धेची सूचना होती. नाव देण्याची तारीख कधीच निघून गेली होती. काका म्हणाले, "पेपर तर गावात रोज येत होता. पन आमच्याले वाचता कुठं येते?" बघा, अंतर वीस किलोमीटरचे होते, एस.टी. होती, अंगात कला होती. अक्षर तेवढे नव्हते.

तर मग कार्यक्रम शोधायचा कुठे?

पहिली जागा वर्तमानपत्र. त्यात शहराच्या बातम्यांचे पान असते. त्या पानावर बारीक अक्षरांत कार्यक्रमांच्या सूचना येतात. पेपर विकत घ्यायलाच पाहिजे असे नाही. ग्रामपंचायतीत, वाचनालयात, हॉटेलात तो पडलेला असतो.

दुसरी जागा फलक. शहरात बाजाराला गेलात की वाचनालयाचा फलक वाचा. अकोल्याला बाबूजी देशमुख वाचनालय आहे, प्रमिलाताई ओक सभागृह आहे. अमरावतीला मोर्शी रस्त्यावर संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन आहे. अशा ठिकाणी दाराशीच पुढच्या कार्यक्रमांचे कागद लावतात. चौकातली पोस्टरेही वाचत चला.

आता पोस्टर वाचायचे कसे ते पाहू. त्यावर मोठ्या अक्षरांत पुढाऱ्यांची नावे असतात. ती सोडा. बारीक अक्षरे वाचा. "दि." म्हणजे दिनांक, तारीख. "सायं. ६ वा." म्हणजे संध्याकाळी सहा वाजता. "स्थळ" म्हणजे जागा. "प्रवेश विनामूल्य" म्हणजे पैसे नाहीत, खुशाल जा. "सर्वांसाठी खुला" म्हणजे तुमच्यासाठीही खुला. "प्रवेशिका" म्हणजे आत जायचा पास. तो कुठे मिळतो, ते खाली लिहिलेले असते. "देणगी प्रवेशिका" म्हणजे पैसे देऊन घ्यायचा पास. "फक्त निमंत्रितांसाठी" असे असेल, तर ज्यांना बोलावले त्यांनाच प्रवेश. एवढे शब्द ओळखता आले की फुकट हेलपाटा होत नाही.

तारीख मात्र नीट पाहा. काही कार्यक्रम इंग्रजी तारखेने होतात, काही तिथीने. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची पुण्यतिथी २० डिसेंबरलाच होते. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. त्या दिवशी आश्विन वद्य पंचमी होती. गुरुकुंज मोझरीला पुण्यतिथी होते ती या तिथीने. म्हणून तिची तारीख दर वर्षी बदलते. मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबून निघू नका. भिंतीवरचे कॅलेंडर काढा, तिथी शोधा, मग निघा.

आता मोबाइलवरही पोस्टरे येतात. ती फिरत फिरत जुनी झालेली असतात. पुष्कळदा त्यावर सालच नसते. मग ओळखायचे कसे? सोपी युक्ती सांगतो. पोस्टरवर वार आणि तारीख दोन्ही असतात. समजा, "रविवार, दि. १४" असे लिहिले आहे. कॅलेंडरात पाहा. त्या महिन्याची १४ तारीख रविवारी येत नसेल, तर ते पोस्टर या सालचे नाही, नाहीतर छापताना चूक झाली आहे. वार जुळला तरी खाली फोन नंबर असतो, त्यावर एकदा विचारून घ्या. नुसत्या मोबाइलच्या निरोपावर अनोळखी माणसाला तिकिटाचे पैसे पाठवू नका. पैसे द्यायचे ते सभागृहाच्या खिडकीवर द्या आणि तिकीट हातात घ्या.

जाण्याइतकाच परतण्याचा विचार करा. शेवटची एस.टी. किती वाजता आहे, ते आधी चौकशीच्या खिडकीवर विचारा. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री १० नंतर भोंगा वाजवायला बंदी आहे. काही ठरावीक दिवशी तेवढी १२ पर्यंत सूट मिळते. एस.टी. चुकणार असेल, तर दुपारचा कार्यक्रम निवडा. २०२३ पासून बायांना एस.टी.चे अर्धे तिकीट लागते. ६५ वर्षांवरच्यांनाही अर्धेच, आणि २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे. ओळखपत्र तेवढे जवळ ठेवा. चार बाया मिळून निघा. घरच्यांना जागा आणि वेळ कागदावर लिहून द्या. आता तुम्हाला लिहिताही येते!

कोणी म्हणेल, "गुरुजी, तिथं आमच्याले कोन पुसते? तो शिकलेल्यांचा कारभार." असे मनात आणू नका. सरकारी पैशाने सभागृह बांधले, त्यात तुमच्या कराचेही पैसे आहेत. दुकानातून साबणाची वडी घेतली तरी आपण कर भरतो. धुतलेले कपडे घाला, वेळेवर जा, मोकळी खुर्ची पाहून बसा. कार्यक्रम चालू असताना मोबाइल बंद ठेवा. मध्येच उठू नका. एवढी शिस्त पाळली की झाले.

आणि नुसते ऐकायला जा असेही मी म्हणत नाही. तुमच्यापैकी कितीतरी बायांना भुलाबाईची गाणी तोंडपाठ आहेत. कुणाला दंडार येते, कुणाला भजन. स्पर्धेची सूचना दिसली, तर नाव देण्याची शेवटची तारीख आधी वाचा. वहीत उतरून घ्या.

पुढच्या वर्गाला प्रत्येकाने एक काम करून यावे. या आठवड्यातला एक कार्यक्रम शोधून आणावा. काय आहे, कुठे आहे, कधी आहे, किती पैसे आणि परत यायला गाडी कोणती, या पाच गोष्टी पाटीवर लिहाव्यात. सगळ्यांचे वाचून झाले की त्यातला एक निवडू आणि मिळून जाऊ.