शाळेच्या आवारातील भूछत्रे : ओळख आणि दक्षता



आषाढ-श्रावणात पावसाची झड लागून नंतर उघडीप पडली, की नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शाळांच्या पटांगणांत एका रात्रीत पांढऱ्या छत्र्या उभ्या राहिलेल्या दिसतात. शाळा मांजरेकाठच्या काळ्या जमिनीत असो, की किनवट-माहूरच्या सागवनालगत असो, हे दृश्य सर्वत्र सारखेच. मुले त्यांना 'कुत्र्याची छत्री' म्हणतात. परंतु या एका नावाखाली अनेक भिन्न जाती मोडतात. त्यांतील काही रुचकर, काही निरुपयोगी, तर थोड्या प्राणघातक असतात. नाव एक म्हणून गुण एक, असे समजणे हेच धोक्याचे मूळ होय.

भूछत्र ही वनस्पती नव्हे. ते एका बुरशीचे फळ आहे. तिचे तंतू जमिनीत, शेणात वा लाकडात वर्षभर पसरलेले असतात. म्हणून भूछत्र कोठे उगवले, ही त्याच्या ओळखीची पहिली खूण ठरते. उकिरड्यावरील नाजूक छत्र्या वेगळ्या, जुन्या ओंडक्यावरील पंख्यासारख्या बुरशी वेगळ्या. वारुळावर उगवणारी टर्मिटोमायसेस ही जात वाळवीच्या घरट्याशी निगडित असून तिचा देठ मुळासारखा खोल गेलेला असतो. कोकणात व विदर्भात ती आवडीने खाल्ली जाते.

पटांगणातील गवतात मात्र दुसरीच एक जात संभवते. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस हे तिचे शास्त्रीय नाव. छत्री मोठी, पांढरी, तिच्यावर तपकिरी खवले आणि देठावर कडे असते. छत्रीखालचे पडदे प्रथम पांढरे असून पुढे हिरवट होतात. कोवळेपणी ती खाद्य जातींसारखीच दिसते. ती खाल्ल्यास साधारणपणे एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या व जुलाब सुरू होतात. लहान मुलांच्या शरीरातील पाणी त्यामुळे झपाट्याने कमी होते.

याहून भयंकर आहेत अमॅनिटा वंशातील काही जाती. पांढरे पडदे, देठावर कडे आणि देठाच्या बुडाशी पेल्यासारखे वेष्टन ही त्यांची लक्षणे. हा पेला बहुधा मातीत दडलेला असल्याने वरून छत्री खुडली, की मुख्य खूणच जमिनीत राहते. या विषाची लक्षणे सहा तासांनंतर, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. मग उलट्या-जुलाब थांबून रोग्याला बरे वाटू लागते. परंतु त्याच काळात यकृत निकामी होत असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी भूछत्रे खाल्ल्याने तेरा जण दगावले. त्यांत चहामळ्यांतील कुटुंबे होती.

भूछत्र पारखण्याच्या ज्या युक्त्या लोकांत रूढ आहेत, त्यांतील एकही विश्वसनीय नाही. चांदीचे नाणे वा लसूण काळा पडला नाही, किड्यांनी वा जनावरांनी ते खाल्ले, रंग पांढराशुभ्र आहे, यांवरून ते निर्विष ठरत नाही. अमॅनिटाचे विष शिजवून वा वाळवूनही नष्ट होत नाही. जातीची निश्चित ओळख पटणे हीच सुरक्षिततेची एकमेव कसोटी आहे आणि ती ओळख केवळ पाहून पटविणे शाळेच्या आवाक्यातले नाही. तेव्हा नियम एकच असावा : आवारातील वा रानातील कोणतेही भूछत्र मुलांच्या तोंडी जाऊ नये आणि शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात येऊ नये.

याचा अर्थ मुलांना भयभीत करावे असा नव्हे. केवळ स्पर्शाने विषबाधा होत नाही; हात स्वच्छ धुतले म्हणजे पुरे. पावसाळ्यात शिक्षकांनी सकाळी आवाराची फेरी घ्यावी. बालवाडीची मुले खेळतात त्या जागेची छत्रे बुडासकट काढून पुरून टाकावीत. कुजके लाकूड व शेण हलवावे. पाणी साचू देऊ नये.

एखाद्या मुलाने भूछत्र खाल्लेच, तर लक्षणांची वाट पाहू नये. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खाल्ल्याची वेळ कागदावर लिहावी आणि उरलेला तुकडा प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत घालून रुग्णालयात न्यावा. त्या तुकड्यावरून निदानाला मोठी मदत होते.

ग्रामपंचायतीने आणखी एका बाबीकडे लक्ष द्यावे. झाडाच्या बुंध्याशी लाकडासारखी कठीण, तपकिरी, चकचकीत बुरशी दिसली, तर ती गॅनोडर्मा असू शकते. ही बुरशी मुळे कुजविते आणि वरून हिरवेगार दिसणारे झाड वादळात उन्मळून पडू शकते. अशा झाडाखाली वर्ग भरवू नयेत व त्याची तपासणी करून घ्यावी.

विज्ञानाच्या तासाला भूछत्राचा चांगला उपयोग होतो. छत्रीचा देठ कापून ती पडद्यांच्या बाजूने अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी व रात्रभर वाटीखाली झाकावी. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसतो. हिरवट ठसा क्लोरोफायलमची साक्ष देतो. पांढरा ठसा मात्र खाद्य आणि विषारी अशा दोन्ही जातींचा असू शकतो. ठसा, छायाचित्र, जागेची नोंद व वाळविलेला संपूर्ण नमुना महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्यावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींच्या नमुन्यांचा संग्रह असून तेथे हे काम शास्त्रीय पद्धतीने चालते.

अळिंबी खावयाचीच असेल, तर धिंगरी अळिंबीचा मार्ग खुला आहे. सोयाबीन व गव्हाचे काड या दोन्ही जिल्ह्यांत मुबलक मिळते आणि ते निर्जंतुक करून त्यावर बचत गटांना हे पीक घेता येते. तेथे बियाणे कोणत्या जातीचे, हे आधीच ठाऊक असते. पटांगणातील छत्रीबाबत नेमके तेवढेच ठाऊक नसते. हा फरक पावसाळ्याच्या आरंभीच प्रत्येक वर्गात आणि पालकसभेत समजावून सांगितला जाणे अगत्याचे आहे.