भाषण शेततळ्यावर आणि शेततळ्यात



शेततळ्यावर मी पुष्कळ भाषणे दिली आहेत. आज शेततळ्यात पडल्याची हकिगत सांगतो.

सांगोला तालुक्यात माझ्या एका मित्राची डाळिंबाची बाग आहे. तळ्याला ५०० मायक्रॉनचे अस्तर, पाणी ३ मीटर, आत रोहू-कटला सोडलेले. काठावरून गळाला मासा लागेना, म्हणून आम्ही तिघा मित्रांनी ट्रकच्या दोन ट्यूबांवर फळी बांधली आणि थेट मध्यावर गेलो. कणकेच्या गोळीला रोहू लागला मात्र, तिघेही एकाच अंगाला झुकलो. फळी कलंडली, दुसऱ्याचा गळ ट्यूबमध्ये रुतला. फुस्स! (तो अस्तरात रुतला असता तर उन्हाळ्यात बाग कशावर जगली असती?)

पोहता तिघांनाही येत होते. पण काठाशी अस्तरावर शेवाळाचा बुळबुळीत थर. दोन पावले वर चढावे, तीन पावले खाली यावे. पकडायला काही नाही. पहिली पाच मिनिटे आम्ही हसत होतो. पुढे हात भरून आले, तसे हसू गेले आणि हाका सुरू झाल्या.

वहिनी गोठ्यातून बैलाचा कासरा घेऊन धावत आल्या. एक टोक कुंपणाच्या खांबाला बांधून दुसरे आमच्याकडे फेकीत म्हणाल्या, "भावजी, तळ्यात गाठींचा दोर सोडून ठेवा, असं परवा मेळाव्यात तुम्हीच सांगत होतात ना?"

त्याच संध्याकाळी चारही बाजूंना हात-हात अंतरावर गाठी मारलेले दोर सोडले, उरलेली ट्यूब काठावर बांधली. रोहू मात्र गळासकट अजून तळ्यातच आहे.