आई-बाबा दिवाळीनंतर गायब झाले तर?

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, कुठेही असाल, आवाज जरा वाढवा. आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे: रिटायर झालेले आई-बाबा आणि सणासुदीतली त्यांची भटकंती.

आपण एक गोष्ट गृहीत धरतो. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री आपण बॅग घेऊन दारात उभे, आतून चकलीचा वास. भाऊबीज झाली की फराळाचे डबे भरून परत. आपले चार दिवस. पण त्या चार दिवसांसाठी आधीचा पंधरवडा त्यांचा साफसफाईत आणि भाजणी-चिवड्यात जातो. मग फिरायला कधी? तर "मुलाला सुट्टी मिळेल तेव्हा."

माझी मावशी आणि काका साताऱ्याला असतात. २०२४ च्या दिवाळीत मावशी ७१ ची, काका ७६ चे. भाऊबीज होती ३ नोव्हेंबरला. मावशीने मुलाला आधीच सांगून टाकलं, "नंतरचे दहा-बारा दिवस आम्ही नाही. किल्ली शेजारी असेल." तो म्हणाला, "आई, डिसेंबरपर्यंत थांबा ना, मी गाडीने नेतो." त्यावर मावशी म्हणाली, "तुझी सुट्टी थांबेल रे, यांचे गुडघे थांबणार नाहीत."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. रिटायरमेंट आणि गुडघेदुखी यांच्यामध्ये जी काही वर्षं मिळतात, ती मोजकीच असतात. आणि त्यातली बरीचशी आपल्या रजेची वाट बघण्यात जातात.

आता त्यांचा प्लॅन ऐका. पहिला मुक्काम कोल्हापूर. अंबाबाईच्या देवळात ९, १० आणि ११ नोव्हेंबरला किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत, अर्थात ढग मध्ये आले नाहीत तर. गंमत म्हणजे हा उत्सव तिथीवर नाही, सूर्यावर चालतो. त्यामुळे दिवाळी पुढेमागे झाली तरी याच्या तारखा ठरलेल्या.

तिथून गोवा. त्रिपुरारी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती. साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत त्या रात्री सजवलेल्या होड्या सोडतात, दिवे लावून. आपल्यापैकी अनेकांनी गोवा दहा वेळा केला असेल, पण ही रात्र? मी तरी नाही पाहिलेली.

लक्षात आलं का? आपल्यासाठी दिवाळी भाऊबीजेला संपते. त्यांच्यासाठी ती त्रिपुरीपर्यंत चालू असते. आपल्याकडे सुट्टी असते, त्यांच्याकडे वेळ असतो. भाऊबीजेनंतरची परतीची झुंबड ओसरली की बसमध्ये जागा मिळते आणि खोलीसाठी घासाघीसही करता येते.

आणि हो, पैशाचं गणित. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना राज्यात प्रवास मोफत आहे, २०२२ पासून. ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट. महिलांना तर २०२३ पासून वयाची अटच नाही, सरसकट अर्धं. म्हणजे सातारा-कोल्हापूर काका फुकट, मावशी हाफ. ओळखपत्र मात्र जवळ हवं. आणि ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, गोव्यात नाही.

रेल्वेत ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पण लोअर बर्थचा कोटा आहे: पुरुष ६० च्या पुढे, महिला ४५ च्या पुढे. इथे एक छोटीशी मेख आहे. हा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर मिळतो. अख्ख्या घराचं एकत्र तिकीट काढलंत, तर आई वरच्या बर्थवर चढताना दिसेल! त्या दोघांचं तिकीट वेगळं काढा. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, तेवढी तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

मग आपलं काम काय? तिकीट कसं काढायचं ते एकदा शेजारी बसून शिकवा. त्यांच्या हातात फोन देऊन, आपण हात मागे ठेवून. औषधांची यादी आणि डॉक्टरांचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा. रात्री एक मेसेज, "पोचलो", इतकं ठरवून घ्या. आणि दिवसातून सहा वेळा "कुठे आहात?" विचारू नका, प्लीज. आपण गोव्याला असताना त्यांनी विचारलं तर आपल्याला कसं वाटतं?

सगळ्याच आई-बाबांना बाहेर पडायचं असतं असं नाही. कुणाला घर भरलेलंच आवडतं, आणि तेही छानच. पण आपण विचारलेलं तरी असावं.

तर आजचा गृहपाठ. घरी फोन लावा. "तुम्हाला कुठे नेऊ?" असं नका विचारू. विचारा, "तुम्हाला कुठे जायचंय?" आणि मग जरा वेळ गप्प बसा. पहिलं उत्तर बहुतेक "छे, आता कुठे!" असंच येईल. खरं उत्तर त्याच्या नंतर येतं.

ते उत्तर मला कमेंटमध्ये नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, काळजी घ्या!